मेजवानीतली कोरी कॅसेट

सचिवबाई आल्या तेव्हा भाऊजी खुर्चीवर उभे राहून वहिनींच्या भिंतीवरचं घड्याळ खाली काढत होते. घड्याळाला काहीच झालं नव्हतं. पण भावजयीच्या घरी रोज सकाळी यायचं तर काहीतरी निमित्त लागतं, आणि भाऊजींची निमित्तं हल्ली संपत आली होती. भाऊ गेल्यापासून वहिनी या दोन खोल्यांत आणि भाऊजी पलीकडच्या गल्लीतल्या एका खोलीत, असे दोघं राहत. एकटं वाटतं, असं दोघांपैकी कोणीही कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"उतरा खाली, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "बाईंना पाणी द्या. कालच्याच कपड्यांत आल्यात, डोळ्याला डोळा लागलेला दिसत नाही."

वहिनींनी उभी हयात विमा कंपनीत दाव्यांची चौकशी करण्यात घालवली होती. दुकान आपोआप जळालं की मालकाने जाळलं, हे त्या राखेत काठी घालून सांगायच्या. निवृत्त झाल्यावर लोक खासगी कामं घेऊन येऊ लागले. भाऊजी शाळेत चित्रकला शिकवायचे. आता त्यांचं काम म्हणजे वहिनींच्या सोबत जायचं, जागेचा नकाशा काढायचा आणि चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा. या तिन्हींत ते तरबेज होते.

सचिवबाई समान हक्क मंडळाच्या होत्या. कोणाला जातकुळीवरून, वस्तीवरून घर नाकारलं, नोकरी नाकारली, की मंडळ त्याच्यामागे उभं राहायचं. त्यात घरांची प्रकरणं फार. तोंडावर नाही कोणी म्हणत नाही. "अहो, कालच गेलं हो घर," असं गोड बोलून वाटेला लावतात. मग मंडळ त्याच दिवशी त्याच घराकडे आपला एक माणूस पाठवायचं, ज्याला कोणी नाकारत नाही असा. त्याला "रिकामं आहे, कधी येताय?" असं उत्तर मिळालं की खोटेपणा हाती लागला. अशा माणसांना मंडळात 'पाहुणे' म्हणत. पाहुण्याच्या खिशात छोटा टेपरेकॉर्डर असे.

"तीच कॅसेट गेली," सचिवबाई म्हणाल्या. "परवा सुनावणी आहे. ती नाही तर आमच्या नर्सच्या हातात काही नाही."

नर्स म्हणजे तक्रारदार. ती इस्पितळाच्या वसतिगृहात राहायची, आणि तिथे मुलांना ठेवू देत नसत. तिची लेक परगावी मावशीकडे वाढत होती. स्वतःचं घर मिळाल्याशिवाय लेकीला आणता येत नव्हतं. दोन खोल्यांचं एक घर तिच्या पसंतीस उतरलं. मालकीणबाईंनी सगळं दाखवलं, मग ती कुठल्या वस्तीतली ते विचारलं, आणि थोड्याच वेळाने घर 'गेलं'. त्याच दुपारी मंडळाचा पाहुणा गेला, तर घर जागेवरच होतं.

काल मंडळाची वार्षिक मेजवानी झाली. वर्षभराच्या कामाला पैसा त्यातूनच उभा राहतो. या मेजवानीची एक रीत होती. वर्षभर जे वाढतात आणि भांडी घासतात ते त्या दिवशी टेबलाशी बसायचे, आणि कार्यकारिणीची मंडळी व बडे देणगीदार कमरेला फडकं बांधून वाढायचे. जेवण झाल्यावर त्या कॅसेटमधला थोडा भाग ऐकवायचा, असं सचिवबाईंच्या मनात होतं. भाषणाने खिशात हात जात नाहीत, आवाजाने जातात, असा त्यांचा अनुभव होता. हॉलच्या डाव्या हाताला एक लहानशी खोली आहे, तिथे त्यांनी यंत्र वाजवून पाहिलं. नीट वाजलं. तसंच फळीवर ठेवून त्या वाढायला गेल्या. जेवणानंतर दिवे मंद केले, बटण दाबलं, आणि भरल्या हॉलमध्ये नुसती खरखर ऐकू आली. कोणीतरी आतली कॅसेट काढून तिच्या जागी तसलीच कोरी घातली होती.

"प्रत?" वहिनींनी विचारलं.

"काढायची राहिली. उद्या काढणार होतो."

"वरातीमागून घोडं," वहिनी पुटपुटल्या. "कॅसेट वाजणार हे कोणाकोणाला ठाऊक होतं?"

फार जणांना नव्हतं. सचिवबाईंना. मंडळाच्या वकिलाला, ज्याने कडाडून विरोध केला होता. सगळ्यांत मोठी देणगी देणाऱ्या कंत्राटदाराला, कारण त्याने यावं म्हणून बाईंनी फोनवर तसं आमिष दाखवलं होतं. नर्सला. आणि पाहुण्याला, कारण त्याचाच आवाज वाजणार म्हणून त्याची परवानगी घेतली होती. तो लगेच हो म्हणाला होता.

भाऊजींनी हॉलचा नकाशा काढायला घेतला. समोर व्यासपीठ, उजवीकडे खिडक्या, डावीकडे त्या खोलीचं दार. "दाराजवळच्या टेबलावर कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. असतं तर चोराला पाहिलं नसतं का?"

भाऊजींनी तिथे रिकामं टेबल काढलं.

*

कंत्राटदार त्याच्या अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या तळाशी, पत्र्याच्या कचेरीत भेटला. भला मोठा, हसरा माणूस. आपण त्या खोलीत गेलो होतो हे त्याने आपण होऊनच सांगितलं. पाण्याचे जग संपले होते, ते आणायला गेला होता. यंत्र पाहिलं का, तर हो, पाहिलं की. जमिनीवर ठेवलं होतं, दोन्ही हातांनी उचलावं लागेल एवढं.

"ते हॉलवाल्यांचं गाण्याचं यंत्र असणार," वहिनी म्हणाल्या. "आपलं फळीवर होतं. मुठीत मावेल असं."

"असेल. आमचा संबंध विटांशी." तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "खरं सांगू का, ताई? मी दरवर्षी देणगी का देतो? उद्या यांचे पाहुणे माझ्या इमारतीत येतील म्हणून. मीही काही धुतल्या तांदळासारखा नाही."

खोलीच्या दाराजवळ कोण होतं, हे विचारल्यावर त्यानेही तेच सांगितलं, कोणी नव्हतं.

बाहेर पडल्याबरोबर भाऊजींनी निकाल दिला. चोराच्या मनात चांदणं, स्वतःच कबूल करून बसला. वहिनी म्हणाल्या की सुतावरून स्वर्ग गाठायला भाऊजींना सूतही लागत नाही.

वकील तरुण होता आणि अजून धुमसत होता. न्यायालयाआधी पुरावा गावभर वाजवायचा नसतो, हे त्याने बैठकीत टेबल ठोकून सांगितलं होतं, पण ऐकतो कोण. काल दुपारपर्यंत कॅसेट त्याच्याच कपाटात होती. त्या मापाच्या कॅसेटी बाजारात मिळत नाहीत, मंडळ त्या मुद्दाम मागवून घेतं. थोड्या त्याच्या कपाटात असतात, थोड्या पाहुण्यांकडे.

"पाहुणा स्वतः साक्ष देईलच ना?" भाऊजींनी विचारलं.

"देईल. पण कॅसेटशिवाय त्याला उभं करून उपयोग नाही, त्याचा शब्द आणि मालकीणबाईंचा शब्द, दोन्ही सारखेच. कोर्टाने कोणाचं खरं मानायचं? त्यांनी तर लेखी उत्तर दिलंय की नर्स येण्याआधीच घर एका कुटुंबवत्सल गृहस्थाला कबूल केलं होतं. कॅसेटवर त्या स्वतःच म्हणतात, अजून कोणालाच दिलेलं नाही. ती वाजली की विषय संपला."

पाहुण्याने साक्ष दिली की तो या कामातून बाद होतो, हेही त्याने सांगितलं. एकदा चेहरा माहीत झाला की कोण घर दाखवणार? म्हणून पाहुण्यांशी चारचौघांत ओळख दाखवायची नाही असा मंडळाचा कडक नियम होता. रस्त्यात नाही, कचेरीच्या दारात नाही. मेजवानीला बोलावतात, पण तिथेही कोणी त्यांच्याकडे पाहत नाही. काल पाहुण्यांपैकी फक्त हा एकच आला होता.

"आणि दाराजवळ कोण होतं?"

"मी त्याच बाजूला वाढत होतो. कोणी नव्हतं."

नर्स इस्पितळाच्या मागच्या जिन्यात भेटली. तिला दोन कामांमधला थोडाच वेळ होता आणि तो तिने उभ्यानेच दिला. घर कसं होतं, असं वहिनींनी विचारलं, तेव्हा ती पहिल्यांदा जरा हसली. घर काही राजवाडा नव्हता. भिंती पिवळट, पोपडे सुटलेल्या. खिडकीखाली ओलीचा मोठा डाग. रंग मी माझ्या हाताने लावीन, असंही ती मालकीणबाईंना म्हणाली होती. पण खिडकीतून शाळा दिसत होती.

"मागच्या खेपेला गेले तर लेक मावशीला आई म्हणत होती," ती म्हणाली. "मला बघून एकदम गप्प झाली. चूक केल्यासारखं तोंड झालं तिचं. चूक तिची नाही हो."

भाऊजींनी नकाशाची घडी घातली, परत उलगडली. वहिनींनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्या जिना उतरल्या.

*

पाहुणा एका लॉजच्या वरच्या मजल्यावर राहत होता. खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक कप. खुर्ची त्याने वहिनींना दिली, खाट भाऊजींना दिली आणि आपण खिडकीशी उभा राहिला. उभ्या उभ्या त्याने खिडकीची कडी लावून पाहिली, काढून पाहिली. सवय लागली आहे, म्हणाला. घर पाहायला गेलं की सगळं डोळ्यांनीच टिपून घ्यावं लागतं, कागद पेन्सिल काढता येत नाही. नेमकेपणाबद्दल मंडळात त्याचं नाव होतं. वय उतरणीला लागलेलं, इस्त्रीचे कपडे, आवाज इतका हळू की भाऊजींना पुढे वाकावं लागलं.

"मग कालचा हॉल सांगा बघू," वहिनी म्हणाल्या. "आमच्या भाऊजींचा नकाशा तपासून होईल."

त्याने डोळे मिटले आणि सुरुवात केली. मुख्य दार दोन फळ्यांचं, आत उघडणारं. उजव्या भिंतीला खिडक्या, त्यातल्या मधल्या खिडकीची कडी ढिली. व्यासपीठाच्या पडद्याला खाली ठिगळ. डाव्या भिंतीवर समुद्राचं चित्र, त्याच्या शेजारी विजेची पेटी, पेटीखाली शेवटचं टेबल. त्या टेबलाशी तो स्वतः बसला होता, मेजवानी संपेपर्यंत. बाजूच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. त्या रिकाम्याच असतात, नियम आहे तसा.

भाऊजींनी नकाशावरच्या रिकाम्या टेबलाशी एक खुर्ची काढली. ती दाराला अगदी खेटून आली. टेबल तिथेच असल्यावर खुर्ची दुसरीकडे कुठे जाणार, असं मनाशी म्हणून त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली.

"आणि ते घर?" वहिनींनी विचारलं. "मी पाहिलेलं नाही. कसं आहे?"

त्याने परत डोळे मिटले. या वेळी आवाज आणखी मऊ झाला. जिन्याला लाकडी कठडा. पहिली खोली चौकोनी, रस्त्याकडे मोठी खिडकी. भिंती फिकट हिरव्या. दुपारचं ऊन भिंतीवर येतं तेव्हा खोली फार छान दिसते. आतल्या खोलीत उंचावर फळी आहे, तिथे मुलांच्या बॅगा राहतील. नळाला पाणी चांगलं.

"किती वेळा गेला होतात?"

"एकदाच. एकदाच जायचं असतं."

उतरताना भाऊजी म्हणाले की बिचारा सज्जन आहे, कंत्राटदाराला उद्याच धरायला हवं. वहिनी जिन्यात क्षणभर थांबल्या, वर त्या बंद दाराकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की उद्याचं उद्या, आज आपल्याला घर बघायला जायचं आहे.

*

मालकीणबाई खालच्या मजल्यावर राहत. गुडघे धरलेले, हातात काठी. मुलगा दूरदेशी. फोन येतो, पण त्याची घाई फोनमधूनही ऐकू येते, असं त्या दारातच सांगून मोकळ्या झाल्या. मी आणि माझे दीर घर शोधतोय, असं वहिनी म्हणाल्या आणि भाऊजी उगाचच लाजले.

"घर कबूल केलंय हो," मालकीणबाई म्हणाल्या. "पण आलाच आहात तर बघा. चहा घेतल्याशिवाय सोडायची नाही मी. माणसाचं तोंड दिसत नाही दिवसदिवस."

वर गेल्यावर नव्या रंगाचा वास नाकात भरला. खोली खरोखरच सुरेख दिसत होती. भाऊजींमधला चित्रकलेचा मास्तर जागा झाला. कोवळ्या पानाचा रंग आहे, नेमका साधला आहे, असं त्यांनी मनापासून कौतुक केलं. मालकीणबाई खूश झाल्या. रंगारी परवाच गेला, म्हणाल्या. रंग त्या गृहस्थांनीच निवडला, बायकोला हिरवा आवडतो म्हणून.

मग चहाबरोबर त्या गृहस्थांची सगळी कहाणी आली. बायको आणि दोन मुलं. बायको आजारी, माहेरी आहे, जरा बरी झाली की सगळे राहायला येणार. तोपर्यंत ते येतात अधूनमधून. पडद्यांची मापं घेतात, खिडक्यांच्या कड्या लागतात का बघतात, मग खाली येऊन बसतात. बोलायला लागले की संध्याकाळ कधी झाली ते कळत नाही. पागडी दिली नाही अजून, पण अशा माणसाकडे पैशाचं कोण काढतं?

"यांच्याआधी कोणी आलं होतं का घर बघायला?" वहिनींनी सहज विचारलं.

मालकीणबाईंनी कप खाली ठेवला. "आली होती एक. पलीकडच्या वस्तीतली. आता तुम्हीच सांगा, वरखाली राहायचं म्हणजे आपलं माणूस नको?" वहिनींनी आपला कप बाजूला सारला. मालकीणबाई उगाचच काठी चाचपत राहिल्या. कोर्टात बोलावलंय मला, म्हणाल्या, या वयात.

परतताना वहिनी चार पावलं पुढेच चालत होत्या. भाऊजींनी विचारलं, काय झालं. त्या म्हणाल्या, "कोण ते कळलं. कळलं नसतं तर बरं झालं असतं, असं आज पहिल्यांदाच वाटतंय."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या कचेरीत सगळे जमले. सचिवबाई, वकील, नर्स, कंत्राटदार. पाहुणा सगळ्यांत शेवटी आला आणि सवयीने कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसला. कोणीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

"आधी कोण नाही ते सांगते," वहिनींनी सुरुवात केली. "सचिवबाईंनी स्वतःच्याच मेजवानीत स्वतःचं नाक कापून घेतलं नसतं. वकीलसाहेबांना ती वाजू द्यायची नव्हती, हे खरं. पण कॅसेट त्यांच्याच कपाटात होती. ज्याच्या हातात तिजोरीची किल्ली आहे तो भिंत फोडत नाही. गेली, सापडत नाही, एवढं म्हटलं की काम झालं असतं."

"आणि मी?" कंत्राटदार म्हणाला.

"आमच्या भाऊजींचा तुमच्यावर फार जीव जडलाय. पण चोराने कोरी कॅसेट बरोबर आणली होती, नेमक्या त्याच मापाची, आणि ती बाजारात मिळत नाही. तुम्हाला तर यंत्र केवढं असतं तेही माहीत नव्हतं."

भाऊजी नकाशात डोकं घालून बसले.

"त्या कॅसेटी वकिलांच्या कपाटात असतात आणि पाहुण्यांकडे असतात. आता त्या दाराचं बघू. आम्ही तुम्हा तिघांना विचारलं, दाराजवळ कोण होतं. तिघंही म्हणालात, कोणी नव्हतं. खोटं कोणीच बोललं नाही. पण तिथे एक माणूस बसला होता, सबंध मेजवानीभर. त्याच्याकडे पाहायचं नाही असा तुमचा नियम आहे, आणि तो तुम्ही इतका पाळलात की तो तुम्हाला दिसेनासाच झाला. तो उठला असेल, आत गेला असेल, परत येऊन बसला असेल. कोण बघतंय? तुम्ही त्याच्या ताटात वाढलंत, वकीलसाहेब. तरी म्हणालात, कोणी नव्हतं."

वकिलाने कोपऱ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"तो माणूस नेमकेपणासाठी नावाजलेला. काल त्याने मला अख्खा हॉल सांगितला, पडद्याचं ठिगळसुद्धा. डाव्या भिंतीवरचं चित्र सांगितलं, विजेची पेटी सांगितली. त्याच्या खांद्याला लागत होतं ते दार मात्र सांगितलं नाही. जो कधीच काही सोडत नाही, तो जे सोडतो तेच बघायचं असतं."

"पण त्याने असं का करावं?" सचिवबाई म्हणाल्या. "त्यानेच तर ती मिळवली."

"मलाही तेच कोडं पडलं होतं. मग मी त्याला घराबद्दल विचारलं. नर्सबाईंनी पाहिलं तेव्हा भिंती पिवळट होत्या, पोपडे सुटलेल्या. हे पाहुणे त्याच दुपारी गेले होते, आणि एकदाच गेले होते. तरी ते म्हणाले, भिंती हिरव्या. डोळे मिटून माणूस सांगतो ते त्याने शेवटचं पाहिलेलं असतं. हिरवा रंग आत्ता कुठे लागलाय, मेजवानीच्या आदल्या दिवशी. भाऊजी, तुम्ही जन्मभर पोरांना रंग शिकवलेत."

"मी त्या रंगाचं कौतुक करत होतो," भाऊजी ओशाळून म्हणाले.

"तेच म्हणते मी. मालकीणबाईंनी घर ज्याला कबूल केलंय तो कुटुंबवत्सल गृहस्थ म्हणजे हेच. कॅसेट कोर्टात वाजली की यांना पिंजऱ्यात उभं राहावं लागणार, आणि मालकीणबाईंना कळणार की आपल्याकडे चहाला येणारा माणूस कोण होता."

पाहुणा उठला. कोटाच्या आतल्या खिशातून त्याने रुमालात गुंडाळलेली कॅसेट काढली आणि टेबलावर ठेवली, अगदी नर्सच्या समोर.

"पुसली नाही," तो म्हणाला. "पुसायला गेलो होतो. जमलं नाही."

नर्स त्याच्याकडे टक लावून पाहत होती. "तुम्ही तिथे बसून चहा पीत होतात," ती म्हणाली. "माझ्या घरात. आणि माझी पोर तिकडे."

"हो." त्याने नजर चुकवली नाही. "वकील काहीतरी दुसरा मार्ग काढतील, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खोटं होतं, मला कळत होतं." मग, कोणाला उद्देशून ते न कळता, तो म्हणाला, "माझं लग्न झालेलं नाही. किती घरं पाहिली मी मंडळासाठी. प्रत्येक ठिकाणी सांगायचं, बायको आहे, मुलं आहेत. बाहेर पडलं की संपलं. या बाईंनी मात्र विचारलं, मुलं कितवीत आहेत. परत कधी याल, म्हणाल्या. मला परत या असं कोणी म्हटलं नव्हतं."

सचिवबाई काहीतरी बोलायला गेल्या. वहिनींनी हाताने त्यांना थांबवलं. "काखेत कळसा आणि गावाला वळसा, बाई. साऱ्या शहरात कोणाला दाराबाहेर ठेवतात ते तुम्ही शोधता. जरा घरातही बघत जा."

"साक्ष देईन," पाहुणा म्हणाला. "सगळी. नंतर गेलो तेही सांगेन." एवढं बोलून तो निघाला. या वेळी सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं, पण हाक कोणालाच मारता आली नाही.

घरी जाताना गल्लीच्या वळणावर भाऊजी आपल्या खोलीकडे वळणार, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, "रात्रीचं जेवण आजपासून माझ्याकडे. एकटीचा स्वयंपाक मला जमत नाही, फार उरतो." भाऊजी बरं म्हणाले.

*

सुनावणीला कॅसेट वाजली. मालकीणबाईंचा आवाज स्वच्छ होता. घर अजून कोणालाच दिलेलं नाही, सकाळी एक आली होती, पण तसल्यांना कोण देतं. मग पाहुणा पिंजऱ्यात उभा राहिला आणि त्याने आपलं खरं नाव, खरा पत्ता आणि लॉजमधली खोली सांगितली. मालकीणबाई काठीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होत्या. न्यायाधीशांनी विचारलं, आवाज तुमचाच का? त्या म्हणाल्या, माझाच.

घर नर्सला मिळालं. निकाल ऐकून ती रडली नाही. तिने वकिलाला एवढंच विचारलं की परगावची गाडी आता किती वाजता आहे, आणि पायऱ्या धावत उतरून गेली.

पाहुणा बाहेर पायऱ्यांच्या कडेला उभा होता. उन्हात त्याचे इस्त्रीचे कपडे जरा मोठेच वाटत होते. भाऊजी त्याच्याशी काहीतरी बोलावं म्हणून पुढे झाले, तोच मालकीणबाई काठी टेकत बाहेर आल्या. नर्सकडे त्यांनी आत एकदाही पाहिलं नव्हतं. इथे मात्र त्या थांबल्या.

"ते सगळं खोटं होतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"पोरं?"

"नाहीत."

"बायको? तिचं आजारपण?"

"बायकोच नाही, बाई. कोणीच नाही."

मालकीणबाईंनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "फार घोर लागला होता मला तिचा." आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरू लागल्या.